आरशावरचा नट

नेकनूरच्या स्टँडसमोर मी ज्याच्याकडे दाढी करतो, त्याच्या आरशाच्या वर टीव्हीवरच्या एका नटाचा सहीवाला फोटो आहे. एकदा वाटेत गाडी बिघडली म्हणून तो नट इथं दाढीला बसला होता. तेव्हापासून गिऱ्हाइकाला साबण लावला की ह्याच्या तोंडून त्याची कारकीर्द सुरू होते.

"आधी कंपाउंडर, दोनच वाक्यं. मग फौजदार. मग हिरोइनीचा बाप. लई चढत गेला माणूस!"

बापापर्यंत येईतो वस्तरा गळ्यावर आलेला असतो, त्यामुळे आजवर कुणी वाद घातलेला नाही.

परवा खुर्चीत एक जमादार होते. एक गाल झाला आणि ते म्हणाले, "आता कुठं दिसत न्हाई बे तुझा हिरो. काम सुटलं वाटतं."

ह्यानं वस्तरा पुसून खणात ठेवला आणि बाकावर पेपर उघडून बसला.

"अरे, अर्धीच झाली की!"

"आधी सायबाची माफी मागा."

बाहेर बंदोबस्ताची जीप हॉर्न वाजवत होती. जमादारांनी आरशात दोन्ही गाल पाहिले, मग फोटोला हात जोडले. "चुकलं, सायेब." दुसरा गाल अगदी मन लावून झाला.

ते गेल्यावर मी खुर्चीत बसलो. हा माझ्या कानाशी वाकून हळूच म्हणाला, "खरंच हाय, गुरुजी. दोन वर्सं काम न्हाई त्यांना. पण तोंडावर कशाला बोलायचं?"