कोरडी चादर

आईला पिपरी मेघेतल्या वृद्धाश्रमात ठेवायचं ठरलं, तेव्हा मी सगळ्यात आधी तिथला संडास पाहिला. फरशी घासलेली, बादली भरलेली, दारापासूनच फिनेलचा वास. पण वरून कीर्तन, आतून तमाशा असले प्रकार मला ठाऊक होते. जन्मभर शाळेत पोरांची नखं तपासलेली बाई मी. नुसत्या वासाला भुलणारी नव्हते.

दर रविवारी मी आर्वीहून एसटीने यायची. दुसऱ्याच रविवारी आईच्या पाठीखाली हात घातला, तर चादर ओली. माझं डोकंच फिरलं. तिचं सगळं करणाऱ्या तिथल्या मावशीला मी खोलीभर म्हाताऱ्यांदेखत फैलावर घेतलं. स्वतःच्या आईला असं ठेवाल का, इथपर्यंत बोलले. ती खाली मान घालून चादर बदलत राहिली. आईने भिंतीकडे तोंड फिरवलं होतं.

त्यानंतर चादर कधी ओली सापडली नाही. आल्या आल्या पिशवी ठेवायच्या आधी माझा हात पाठीखाली. कोरडी! थोडा धाक दाखवला की माणसं सुतासारखी सरळ येतात, हे मी शाळेत ऐटीत सांगायची. आई वाळत चालली होती. ओठांना चिरा पडल्या होत्या. मे महिन्याचं ऊन, दुसरं काय, असं मला वाटलं. पाणी देऊ का विचारलं की म्हणायची, "आत्ताच तं पेली, बाई."

एका रविवारी तिने मला ओळखलंच नाही. मावशीनेच धावत जाऊन ऑटो आणला. वाटेत आईचं डोकं मांडीवर घेऊन ती म्हणाली, "ताई, आजी दिवसभरात अर्धा गिलास पानी पेते. मी लय मागं लागते. आजी म्हनते, चादर ओली झाली का माही पोरगी तुले बोलते."

"मंग मले काऊन नाई सांगितलं?" रागाच्या भरात माझी माहेरची, आंजीची बोली बाहेर आली.

"आजीनं शपथ घातली होती. अन् तुमी ऐकून घेता काय?"

मला माझीच किळस आली.

दवाखान्यात सलाईन लागली. किडन्या बंद पडत आहेत, लघवी झाली तर आशा आहे, असं डॉक्टर म्हणाले. नळी घातली, खाटेला पिशवी लटकवली. दोन दिवस मी जागची हलले नाही. पिशवी रिकामीच. नळीबाहेर तरी काही झिरपलं असेल म्हणून मी वेड्यासारखी तिच्या पाठीखाली हात घालायची आणि देवाला म्हणायची, एकदा ओली कर. मावशी खाटेच्या पलीकडे उभी असायची. ती सगळं बघत होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी आई गेली. तिला उचलायच्या आधी माझा हात सवयीने पाठीखाली गेला. चादर कोरडी होती.