कंदिलाची खळ

गेल्या हिवाळ्यात सात रस्त्याजवळच्या एका सभागृहात चिनी संस्कृतीचा मेळा भरला होता. आठ वर्षांच्या माझ्या मुलीनं शाळेतून त्याचं पत्रक आणलं. रविवारी दुपारी आम्ही चौघं गेलो: मी, बायको, मुलगी आणि माझी आई.

आईच्या गळ्यात तुळशीची माळ आहे. ज्या कढईत अंडं शिजलं, ती कढईसुद्धा तिला चालत नाही. त्यामुळे आत शिरल्यापासून मी पहाऱ्यावर होतो. वाफवलेल्या करंज्यांसारखं काहीतरी खायला देत होते, तिथून तिला लांब नेलं. चहा आला, तो परत पाठवला. दूध कुठलं, पातेलं कुठलं, काय सांगावं? बायको म्हणाली, आईंना घोटभर चहा तरी मिळू दे. मी ऐकलं नाही.

या पहाऱ्यामागचं खरं कारण बायकोलाही माहीत नव्हतं. मुलीच्या पहिल्या वाढदिवसाला मी बिनअंड्याचा केक सांगायला विसरलो होतो. पाहुणे जमले, मेणबत्ती लागली, आणि आईनं विचारलं, "ह्यात काय न्हाय नव्हं?" काही नाही, असं मी म्हणालो आणि माझ्या हातानं तिला घास भरवला. तेव्हापासून कुणीही तिच्यापुढं ताट ठेवलं की मला त्याचा संशय येतो. ज्यानं स्वतः फसवलंय, त्याला दुसरं काय सुचणार?

आई मात्र मजेत होती. सिंहाचा नाच बघून म्हणाली, "आत दोगं हायती. मागच्याची कंबर जानार."

आईला आणि बायकोला खुर्च्यांवर बसवून मी मुलीला बघायला गेलो. ती लाल कागदाचा कंदील चिकटवत होती. आजीच्या देवघरावर टांगायचा, असं तिनं मला आधीच सांगितलं होतं. टेबलावर वाटीत पांढरट, चिकट काहीतरी होतं. बाटली नाही, नाव नाही. माझ्या मनात लगेच सरस आला. सरस हाडांचा, कातड्याचा करतात. आता हा आईच्या विठोबावर टांगायचा?

टेबलामागं एक प्रौढ बाई मुलांना घड्या शिकवत होत्या. डिंक कशाचा, म्हणून मी विचारलं. त्या दुसऱ्या मुलाच्या हातात कात्री देत होत्या, म्हणाल्या, "सांगते हं, एक मिनिट." मला ती टाळाटाळ वाटली. लोकांच्या घरात देवधर्म असतो, हे तुम्हाला कळत नाही का, असं काहीतरी मी बोललो, आणि तेही मोठ्यानं. मुलीच्या हातातून कंदील ओढून घेतला. तो उभा फाटला. त्या बाई काही म्हणत होत्या, ते ऐकायलाही मी थांबलो नाही.

मुलीनं फाटका कंदील माझ्या हातातून काढून घेतला आणि घरी येईपर्यंत छातीशी धरून ठेवला.

घरी आल्यावर तिनं तो आजीपुढं ठेवला. मी म्हणालो, आई, हात लावू नकोस, चिकटवलंय ते कशानं कुणास ठाऊक. आईनं कंदील नाकाशी नेला, कडा अंगठ्यानं चोळली.

"अरं, ही खळ हाय की. गव्हाच्या पिठाची."

खळ म्हणजे मागावर चढवण्याआधी सुताला देतात ती पातळ लापशी. आईनं कारखान्यात वीस वर्षं सुताला खळ दिली. तिचं नाक चुकणं शक्य नव्हतं.

"पप्पा, मॅडम तेच सांगत होत्या," मुलगी म्हणाली.

मी आईच्या नाकाकडं बघत राहिलो. ज्या नाकाला वाळलेली खळ कळते, त्याला ताज्या केकमधलं अंडं कळलं नसेल?

आई उठली, तिनं वाटीभर पाण्यात पीठ कालवून गॅसवर ठेवलं. मी तिच्या मागोमाग स्वयंपाकघरात गेलो आणि म्हणालो, "आई, त्या वाढदिवसाचा केक..."

"ठाव हाय मला." ती पळी फिरवत राहिली. "सगळी बघत हुती. तुजा हात फुडं आला हुता."

"मग बोलली का नाहीस?"

"मी इठोबाला सांगितलं. तू मला सांगशील म्हनून वाट बगत हुते."

खळ दाटली. तिनं ती वाटीत काढून माझ्या हातात दिली आणि म्हणाली, आधी पोरीला इचार, तुला हात लावू देती का.

मी विचारलं. कंदिलाची फाटलेली एक बाजू मुलीनं घट्ट धरली आणि दुसरी माझ्याकडं सरकवली. ती म्हणाली, "उद्या मॅडमना फोन करून सॉरी म्हणायचं. पत्रकावर नंबर आहे."

मी केला.