पहिल्या भागातले हात

तुरुंगाच्या भिंती स्त्रीला समाजापासून तोडतात, पण कला त्या भिंतींना खिंडार पाडते आणि आतला हुंदका बाहेरच्या प्रत्येक घरापर्यंत पोहोचवते.

हे वाक्य आमच्या गल्लीच्या तोंडाशी एका फ्लेक्सवर आठ दिवस लटकत होतं. वाक्याच्या वर आमच्या तालीम मंडळाचे अध्यक्ष हात जोडून उभे होते, खाली कार्यकारिणीचे एकवीस चेहरे होते, आणि उजव्या कोपऱ्यात, उरलेल्या जागेत, माझ्या शेजारणीचा पासपोर्टएवढा फोटो होता. 'महिला तुरुंगावरील गाजत असलेल्या मालिकेत झळकल्याबद्दल हार्दिक अभिनंदन.' मालिकेचा पहिला भाग मोबाइलवर यायचा रविवार अजून आठ दिवस लांब होता. गाजण्यासाठी तिला तेवढी तरी सवड द्यायला हवी होती.

शेजारीण शाळूच्या भाकरी करून विकते. सकाळचा ढीग खानावळीवाले नेतात, संध्याकाळचा नोकरीवरून परतणाऱ्या बायका. मी कॉलेजच्या ग्रंथालयातून निवृत्त झाल्यापासून माझ्या दोन भाकरी ती स्वतःच आणून देते, आणि दारात उभी राहून पाच मिनिटं बोलते. शूटिंगची हकीकत मला अशीच दारात कळली.

मलकापूरच्या रस्त्याला एका बंद कारखान्याच्या शेडमध्ये मालिकेवाल्यांनी बायकांचा तुरुंग उभा केला होता. त्यांच्या जेवणाला भाकरी शेजारणीकडून जात. एक दिवस भाकरी न्यायला आलेल्या गाडीनं भाकरीबरोबर तिलाही नेलं.

"नायिकेला थापायच येईना, मॅडम. पोरगी चांगली हाय. रडायला सांगितलं की लगीच रडती. पर भाकरी उचलली की पडायची. चारदा पडली. मग दिग्दर्शक म्हणालं, तिला रडू दे, हात ह्यांचं घ्या."

"म्हणजे तोंड तिचं आणि हात तुझे?"

"व्हय. मनगटावरचं गोंदण बी रंग लावून झाकलं. ती इंजिनेर दाखवलीया म्हणं, तिला गोंदण कुठलं असायला?"

स्वयंपाकघराचा प्रसंग प्रत्येक भागात होता, म्हणून तिला महिनाभर अधूनमधून परत बोलावलं होतं. आणि तिला जायचं होतं. इतकं जायचं होतं, की सांगताना ती भाकरीचं फडकं उगाचच उलगडून पुन्हा बांधत होती.

"काय आवडलं एवढं?" मी विचारलं.

"तिथं एक माणूस सायलेन्स म्हणून वरडतो. मग चाळीस माणसं गप. मी भाकरी करतो आणि चाळीस माणसं नुसती बघत्यात. कोण कायसुदिक बोलत न्हाई. घरात मी एक भाकरी कधी गप्प केलेली न्हाई, मॅडम."

घरातलं बोलणं कोणाचं, हे मला विचारावं लागलं नाही. आमची भिंत एक आहे. तिची सासू चुलीपाशी पाट टाकून बसते आणि भाकरीवर देखरेख करते. पीठ मळण्यापासून टोपलीत जाईपर्यंत प्रत्येक भाकरीला सूचना असते. शेजारीण सासूला आत्ती म्हणते. या आत्तींनी एकच अट घातली होती. 'आयतवारी बघू. दिसलीस तर जा महिनाभर, मी काय अडवत न्हाई. न्हाई दिसलीस तर गुमान घरात थाप. उगं मिरवाय जायचं नाटक नको.' फौंड्रीत कामाला असलेल्या तिच्या नवऱ्यानं यावर 'आई म्हणंल तसं' एवढंच मत दिलं होतं.

"आत्तींना सांगितलंस का, नुसते हात आहेत म्हणून?"

"न्हाई. सांगितलं तर आयतवारपतुर बी थांबायच्या न्हाईत." मग आवाज खाली आणून तिनं विचारलं, "मॅडम, तुम्ही एवढी पुस्तकं वाचलीसा. नुसतं हात दिसलं तर माणूस दिसलं म्हणत्यात का?"

माणूस तोच माणूस आहे हे कशावरून ओळखायचं, या प्रश्नावर मोठमोठ्या लोकांनी जाड ग्रंथ लिहिलेले आहेत. त्यांतले काही मी स्वतःच्या हातांनी कपाटात लावले होते. पण त्यांतल्या कोणालाच सासूची परवानगी काढायची नव्हती. मी म्हटलं, "नक्की सांगता येत नाही."

"मग वाचून उपेग काय?" ती म्हणाली आणि गेली. प्रश्न रास्त होता.

रविवारी संध्याकाळी पाच वाजता तालमीच्या हॉलमध्ये पहिला भाग दाखवायचं ठरलं. खिडक्यांना घोंगडी बांधून अंधार केला होता, भिंतीवर पांढरी चादर ताणली होती, आणि कुठल्याशा क्लासमधून प्रोजेक्टर आणला होता. पुढे पुरुषांना खुर्च्या, मागे बायकांना जाजम. पुढच्या रांगेत अध्यक्षांच्या शेजारी सासूबाईंना मानाची खुर्ची दिली होती. जिच्यासाठी कार्यक्रम होता ती सून मागे जाजमावर, माझ्या गुडघ्याला गुडघा लावून बसली होती.

अध्यक्ष वीस मिनिटं बोलले. हुंदका हा शब्द तीनदा आला. आजवर तुरुंगातल्या स्त्रीकडे कोणी पाहिलंच नाही, असं त्यांनी सांगितलं आणि त्यानंतर पाहण्याची व्यवस्था केल्याबद्दल स्वतःचे, प्रोजेक्टरवाल्याचे आणि घोंगडी देणाऱ्यांचे आभार मानले.

खरं सांगायचं तर मी मालिका बघायला गेलेच नव्हते. बायका काय बघतात ते बघायला गेले होते.

तुरुंगाचा मोठा दरवाजा करकरत उघडला. संगीत असं वाजलं की कोणीतरी गेल्याशिवाय थांबणार नाही. माझ्या मागून आवाज आला, "दार आत्ताच रंगवलेलं दिसतंय." नायिका आत आली. महिला शिपायानं तिची झडती घेतली, दागिने उतरवून घेतले, शेवटी मंगळसूत्र. ते पाकिटात पडताना कॅमेरा अगदी जवळ गेला. इथे हुंदका अपेक्षित असावा. दूध डेअरी चालवणाऱ्या काकूंनी विचारलं, "पावती दिली का तिला?"

"न्हाई दिली."

"बघ. हितंच चुकली पोरगी."

मग बराक आली. कोंदट, काळोखी, वर जाळीतून येणारा एकच किरण. "पंखा हाय की गं." "दोन हायेत." मग जुनी कैदीण नायिकेला नियम सांगू लागली. पहाटे पाचला उठायचं, हजेरीला उभं राहायचं, आणि स्वयंपाकाची पाळी गटागटानं, आठ दिवसांतून एकदा.

हॉलमध्ये मंगळसूत्राच्या वेळी पडली नव्हती एवढी शांतता पडली.

"आठ दिसातनं एकदा?"

"मग बाकीचं सात दिस?"

"आयतं खायाचं."

"काय केलतं म्हणायचं हिनं?" कोणीतरी चौकशीच्या सुरात विचारलं, आणि जाजम खदखदलं. पुढच्या खुर्च्या मागे वळल्या. अध्यक्ष उभे राहून म्हणाले, "भगिनींनो, विषय गंभीर आहे." भगिनींना ते मान्यच होतं.

तुरुंगात लिहिलेली बरीच पुस्तकं माझ्या हाताखालून गेली आहेत. त्यांत जेवण वाईट होतं असं हमखास लिहिलेलं असतं. ते करायची पाळी कोणाची होती, हे कुठे लिहिल्याचं मला आठवेना. मी तिथेच बसल्या बसल्या आठवून पाहिलं, आणि तेवढ्यात शेजारणीनं माझं मनगट धरलं.

स्वयंपाकघर आलं होतं. चुलीचा धूर, धुरात नायिकेचा चेहरा, गालावरून एक थेंब. मग चेहरा गेला आणि काटवटीतले दोन हात आले, चादरभर, दारापेक्षा मोठे.

"वहिनी कुठं हायेत?" पुढून पुरुषांचा आवाज.

हात थापत होते. बोटं पसरून, फिरवत, खाली हलकं पीठ भुरभुरत. ते नायिकेचेच आहेत याबद्दल कोणालाही शंका नव्हती. नायिका रडत होती आणि भाकरी थापत होती, एवढं सरळ होतं. पुरुष मागच्या कैदिणींमध्ये शोधत होते. अध्यक्षांना एक पाठमोरी बाई सापडली. ते ताडकन उठून म्हणाले, "त्या बघा! ताटं पुसणाऱ्या! त्याच आमच्या वहिनी!" टाळ्या पडल्या. शेजारणीनं माझं मनगट सोडलं नाही.

सासूबाईंनी टाळी वाजवली नाही. त्या सगळ्या हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "ती न्हवं. ती आमच्या हिच्यापेक्षा रुंद हाय."

"संपलं," शेजारीण पुटपुटली.

आणि नेट अडकलं. चादरीच्या मधोमध गोल चक्र फिरू लागलं. चक्राच्या मागे भाकरी अर्धी फिरून थांबली होती, दोन्ही हात तिच्यावर तसेच. भाकरीची उजवीकडची कड चिरली होती. चुलीपाशी ती चीर करंगळीच्या नखाएवढी असेल. चादरीवर हातभर होती.

सासूबाई खुर्चीवरून उठल्या. प्रोजेक्टरच्या उजेडातून चालत पुढे गेल्या, तशी त्यांची सावली अख्ख्या तुरुंगावर पडली. चादरीपाशी जाऊन त्यांनी चिरेवर बोट ठेवलं.

"पाणी कमी," त्या म्हणाल्या. "कडंला पाणी कमी. रोज सांगतो. रोज! आजून तसंच." मग डोळ्यांवर हात धरून त्यांनी उजेडातून मागच्या अंधारात पाहिलं. "काय गं ए! हितं बी चिरवलीस व्हय?"

अठरा वर्षांच्या सवयीनं जाजमावरून उत्तर गेलं, "घाईत होतो ओ, आत्ती! ते सारखं चला चला करत होतं!"

मग डेअरीच्या काकू ओरडल्या, "अगं बया, हात हिचं हायेत!" आणि सगळं जाजम एकदम माझ्या शेजारणीकडे वळलं. कोणी तिचा हात ओढून पाहिला, कोणी पडद्याकडे पाहिलं, कोणी पुन्हा हात पाहिला. अध्यक्षांचं बोट अजून त्या पाठमोऱ्या बाईवर होतं. ते खाली यायला जरा वेळ लागला.

नेट आलं. हात हलू लागले आणि आता हॉलमधला प्रत्येक माणूस हातांकडे बघत होता. मधेच नायिकेचा चेहरा परत आला, तेव्हा बायका म्हणाल्या, "सर की बाजूला." भागाच्या शेवटी नायिकेनं गजांना धरून काहीतरी शपथ घेतली. ती कसली होती ते मला आजही सांगता येणार नाही, कारण त्या वेळी हॉलमध्ये शाळूचं पीठ जुनं असलं तर पाणी गरम घ्यावं की गार, यावर दोन तट पडले होते.

सत्कार झाला. शाल, नारळ, आणि अध्यक्षांचं नवं भाषण, त्यात हुंदक्याच्या जागी हात आले. पण शेजारणीचं लक्ष नव्हतं. तिचा निकाल लागला तो बाहेर, चपलांच्या ढिगापाशी. नवऱ्यानं विचारलं, "आई, मग दिसली म्हणायची का न्हाई?"

"दिसली की," सासूबाई एका चपलेत पाय घालत म्हणाल्या. "सगळ्या म्हाराष्ट्राला चिरलेली भाकरी दिसली. उद्या पावणं इचारतील, सासूनं शिकवलं न्हाई व्हय हिला?"

"म्हणजे जाऊ नको म्हणता?" शेजारणीनं नारळ छातीशी धरून विचारलं.

"जायाचं. जाऊन नीट करून दावायची." दुसरी चप्पल सापडली. "मी येतो संगट."

शेजारणीच्या चेहऱ्यावर काय आलं ते मला नीट दिसलं नाही. मंडळाची पोरं खिडक्यांची घोंगडी सोडत होती आणि ऐन वेळी हॉलमधल्या दिव्यांचा उजेड आमच्या डोळ्यांवर आला.

पुढचं मला तिनं दारात सांगितलं. सासूबाईंनी कॅमेऱ्याच्या बाजूला खुर्ची मागून घेतली. सायलेन्स म्हणून कोणी ओरडलं की चाळीस माणसं गप्प होत आणि मग त्या बोलत. 'पाणी लाव. कड बघ. आता फिरव.' चौथ्या वेळेला दिग्दर्शक त्यांच्यापाशी आला आणि म्हणाला, "आजी, तुम्हीच दाखवता का करून?" सासूबाईंनी पदर खोचला.

"मग तू?" मी विचारलं.

"मला कैदिणीची साडी दिली. मागं, रांगंत, ताट घिऊन उभी. तोंड कॅमेऱ्याकडं." तिनं फडक्यातल्या भाकरी माझ्या हातात दिल्या. "आणि मॅडम, सायलेन्स म्हटलं की आता आत्तींना बी बोलता येत न्हाई. हात त्यांचंच ना. दोन-दोन तास गप असत्यात. मी त्यांच्याकडं बघत उभी असतो."

मालिकेचे आठही भाग येऊन गेले. वर्तमानपत्रात त्यावर एक मोठं परीक्षण आलं होतं, ते मी कात्रीनं कापून ठेवलं आहे. तुरुंग स्त्रीला आतून कसा झिजवतो, हे या मालिकेनं एकही शब्द न उच्चारता दाखवलं, असं त्यात म्हटलं आहे. पुरावा म्हणून लेखकानं नायिकेच्या हातांचा दाखला दिला आहे. पहिल्या भागात ते हात भरदार आणि तरुण आहेत, दुसऱ्या भागापासून त्यांच्यावर सुरकुत्या दिसू लागतात.

सासूबाई बहात्तर वर्षांच्या आहेत.