दुपारचं आडवं पडणं

आमच्या धारगळला जेवणं झाली की सगळा गाव आडवा होतो. दुकानांची दारं लागतात, जनेलं, म्हणजे खिडक्या, ओढून घेतल्या जातात, हायवेवरचा ट्रकवालासुद्धा झाडाखाली गाडी लावून पाय पसरतो. मी मूळचा पलीकडचा, सावंतवाडीच्या बाजूचा. गोवा मुक्त झाल्यावर काही वर्षांनी इथे वीज आली, तेव्हा मी पिठाची गिरण टाकली. मराठी शाळेत कसाबसा गेलेला माणूस, पण मोटर बिघडली तर दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. आणि या लोकांची दुपारची झोप बघून मला हसू यायचं. सूर्य डोक्यावर आणि धडधाकट बाप्ये घोरतायत. माझी गिरण मात्र चालू. ज्याला घाई तो दुपारी माझ्याकडे येणार, हे सगळ्या गावाला माहीत होतं. मला त्याचा अभिमान होता. अजून आहे, खोटं कशाला सांगू.

गेल्या पावसाच्या आधी बायकोच्या छातीत दुखलं. म्हापशाला नेलं. डॉक्टर तरणा होता, पण नीट बोलला. म्हणाला, गोळ्या देतो, पण दुपारी जेवल्यावर निजायलाच पाहिजे. हृदय थकलंय. पुन्हा असं झालं तर माझ्या हातात काही असेल असं नाही.

आता आमच्यात एक आहे. घरधनी कामाला उभा असताना बायको दिवसाची अंथरुणावर पडत नाही. कुणी सांगितलेलं नाही, पण माझी आई तशी, तिची आई तशी. गिरण घराला लागून, मधे फक्त एक दार. मोटरचा आवाज चालू आहे तोवर ही सूप घेऊन बसणार, तांदूळ निवडणार, निवडलेले परत निवडणार.

"निज गो," मी म्हणायचो.

"तुमी उभे आसताना मी कशी निजू? लोक काय म्हणतले?"

"लोक निजलेले आसतात."

"मगे तुमीय निजा."

मी तिला समजावलं. गिरणीचे दगड दाण्याशिवाय फिरले की एकमेकांना खातात. माणसाचंही तसंच, हात रिकामे राहिले की तो झिजतो. ती म्हणाली, "मी दगड न्हय," आणि सूप पुढे ओढलं.

असे कितीतरी दिवस गेले. मी हटलो नाही. मग एका दुपारी दळण टाकता टाकता दारातून बघितलं, तर ती भिंतीला टेकून बसलेली, सूप मांडीवरून घसरलेलं आणि ओठ राखेसारखे. मी मोटर बंद केली. थोड्या वेळाने तिला बरं वाटलं. तिने विचारलं, "वीज गेली?"

दुसऱ्या दिवसापासून मी तिच्या बाजूला चटई टाकली.

पण मला झोप कुठची येते? छपराकडे बघत पडायचं. बाहेर ऊन आहे, काम आहे, आणि मी चोरासारखा लपलोय असं वाटायचं. माझा बाप अंथरुणावर दिवसा पडला तो एकदाच, आणि मग उठलाच नाही. तिचा श्वास संथ झाला की मी हळूच उठायचो. मोटर लावायची नाही, पण चाळण झाडायची, पट्टा बघायचा, असलं बिनआवाजाचं काही. मला वाटायचं, तिला कळत नाही. एक दिवस मागून चहाचा पेला पुढे आला. "झाला निजान?" ती म्हणाली. मी उठलो की तीही उठत होती. रोज.

त्या दिवशी पहिल्यांदा माझ्या मनात नको तो विचार आला. मी दुपारभर उभा राहिलो म्हणून गावाने मला मानलं. पण मी उभा होतो तोवर हीसुद्धा बसून होती, लग्न होऊन आली तेव्हापासून. तिच्या सगळ्या दुपारी मी माझ्या दळणात घातल्या आणि तिला एकदाही विचारलं नाही. आता तिच्या किती दुपारी राहिल्यात ते डॉक्टरलाही ठाऊक नाही. मी रागावलो, पण कुणावर ते कळेना.

गणपतीची चवथ जवळ आली. मोदकांच्या पिठाचे दिवस, गिरणीला श्वास घ्यायला फुरसत नसते. आम्ही पडलेलो होतो, तिचे डोळे मिटलेले, आणि बाहेरून हाक आली. वाड्यावरची एक वयनी, माझं जुनं गिऱ्हाईक.

"भाऊ, ओ भाऊ. गिरण बंद केलात काय?"

मी हललो नाही. बोललो असतो तर ही जागी झाली असती.

"भाऊ निजलो? आमचो भाऊ?" ती स्वतःशीच हसली. "आता गोंयकार झालो म्हणायचो." डबा उचलल्याचा आवाज आला. "जाऊंदे, दुसरीकडे दळतंय."

दुसरीकडे. एवढ्या वर्षांत माझ्या दारातून दळण परत गेलं नव्हतं. चपलांचा आवाज लांब जाईपर्यंत मी मुठी आवळून पडून राहिलो. त्या बाईचा अपराधी आणि बाजूला पडलेल्या बाईचाही.

"गेली?" बायकोने डोळे न उघडता विचारलं.

"तू जागी?"

"हाक आयकलंय."

"मगे उठलंस कित्याक नाय?"

"तुमी उठतात काय ता बघत होतंय."

तिने कूस बदलली, आणि थोड्या वेळाने खरंच घोरायला लागली. मी तिचं घोरणं ऐकत पडून राहिलो. अर्धं लक्ष अजून दाराकडे होतं.