पूजेतलं हँडल
झेंडूचा वास आला की माझं डोकं आजही तापतं. मलकापुरात मी औषधाच्या दुकानात कामाला होतो. मालकांनी मोटरचं शटर बसवलेलं. लाईट गेली की ते बाहेरून हँडल लावून, फिरवून उघडायचं. दसऱ्याला त्यांनी ते हँडलच पूजेत मांडलं, झेंडूची माळ घातली आणि पूजा हलवायची नाही म्हणून आतच ठेवून बटणानं शटर पाडलं. सकाळी लाईट गेलेली. हँडल आत, आम्ही बाहेर! तेवढ्यात एक बाई सासऱ्याच्या दम्याचा पंप न्यायला धावत आली. मालक तिलाच म्हणतात, “काऊन घाई करून राह्यली? येईल ना लाईट!” “मालक, म्हातारा तिकडे गुदमरून राह्यला!” मी ओरडलो. ती दुसऱ्या दुकानाकडे पळाली, आणि मालकांनी काय केलं? शटरला हात जोडले! आता माझं स्वतःचं दुकान आहे. हँडलची पूजा मीही करतो. पण शटर पाडून, रस्त्यावर उभा राहून.