वन्सं आणि मुक्या रेघा

आमच्या थोरल्या वन्संइतका मार्कांचा राग करणारी मास्तरीण अख्ख्या मराठवाड्यात दुसरी नसेल. अणदूरकडच्या एका शाळेत त्या विज्ञान शिकवायच्या. परीक्षा म्हणजे पोपटांची हजेरी, असं त्यांचं मत. त्या मुलांना धड्यातले शब्द गोलांत लिहायला लावत, गोल रेघांनी जोडायला लावत, आणि प्रत्येक रेघेवर ते नातं कसलं, हेही लिहून घेत. याला त्या संकल्पनांचा नकाशा म्हणत. "नुसती रेघ मुकी असती गं. शब्द लिहिला की पोराच्या डोक्यातलं दिसतंय," हे मला पोळ्या लाटतानाही ऐकवत. त्यांना बघायला आलेल्या एका इंजिनिअरला त्यांनी चहाबरोबर कागद दिला, मधोमध 'संसार' लिहून. त्या गृहस्थानं 'बायको' आणि 'स्वयंपाक' जोडले, रेघेवर 'करते' लिहिलं, आणि पुढचं सुचेना म्हणून चहा पिऊन टाकला. "पुन्हा अभ्यास करून या," वन्सं म्हणाल्या. तो आला नाही. पुढं कुणीच आलं नाही.

घात झाला तो एका हुशार मुलीपायी. वनस्पतींच्या धड्यावर तिला पैकीच्या पैकी मार्क, पण नकाशात 'झाड' आणि 'माती' यांच्यामधल्या रेघेवर लिहिलेलं, 'खाऊन वाढतं'. 'उजेडा'ला तर एकही रेघ नाही. वन्संनी धडा पुन्हा शिकवायला घेतला आणि प्रगतिपुस्तकावर शेरा मारला, 'पाठ आहे, समजलेलं नाही.' दुसऱ्या दिवशी तिचे वडील शाळेत हजर.

"बाई, एवढे मार्क पडूनबी पोरगी ढ व्हय?"

"ढ न्हाय हो, लई हुशार आहे. म्हणून तर सांगते."

त्यांनी मुलीला काढून पिवळ्या बसच्या शाळेत घातलं. जाण्याआधी ती नवा नकाशा देऊन गेली. त्यात उजेडापासून पानापर्यंत रेघ होती, वर लिहिलेलं, 'अन्न बनवायला लागतो'. पण तो वन्संनी दाखवायचा कुणाला? त्या मुलीमागं एकेक करून बरीचशी पोरं गेली. शेवटी शाळाच बंद केली, उरलेली चार पोरं दुसऱ्या शाळेत पाठवली, आणि वन्संना धाराशिवच्या एका कचेरीत बसवलं, मुलांचे मार्क कॉम्प्युटरवर भरायला.

परवा कचेरी सुटल्यावर त्या आमच्याकडं आल्या. चहा झाला.

"काम कसं चाललंय?" मी विचारलं.

"बोटं चालतात."

एसटीची वेळ झाली तरी पिशवी उचलेनात. मग हळूच म्हणाल्या, "आज इथंच राहू का गं?"

"वन्सं, विचारता काय? घर आहे तुमचं."

त्यांनी पिशवी कोपऱ्यात ठेवली. मी परातीत आणखी थोडं पीठ घेतलं.