कमळामावशींना कुणी सांगितलं?

मी महाप्याच्या एका लॅबमध्ये आहे. रक्ताच्या नमुन्यातला डीएनए तपासून रक्तगट नेमका कोणता ते सांगायचं, हे माझं काम. भासांच्या गोष्टी कुणी काढल्या की मी उठून चहा टाकायला जायचे... पण हे माझ्याच घरात घडलं.

मागच्या वर्षी खारघरच्या आमच्या फ्लॅटमध्ये सासूबाई बाथरूममध्ये पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन ठरलं, पण रक्तच जुळेना! कार्डावर 'ओ पॉझिटिव्ह', आणि 'ओ'ची एकही बॅग चालेना. ब्लड बँकेतल्या डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. "बॉम्बे ग्रुप वाटतोय. फार दुर्मिळ, त्यांना त्याच गटाचं रक्त लागेल. सख्ख्या भावंडांत मिळू शकतं. त्यांना भावंडं आहेत?"

नाहीत. आई, म्हणजे माझ्या सासूबाई, साताऱ्याच्या, एकुलत्या एक.

हे मी अजून नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. हॉस्पिटलचा जिना उतरले तर समोर कमळामावशी — दिवाळे गावच्या, वर्षानुवर्षं आम्हाला मासळी देणाऱ्या, आईंना आक्का म्हणणाऱ्या. धापा टाकत होत्या.

"आक्काला माजं रगत द्या."

"मावशी, तुम्हाला कुणी सांगितलं?"

"आक्कानीच! सकाली माज्या दारात उबी होती. बोलली, कमले, माजं रगत कोनाशी जुलत नाय, तू ये."

"अहो, त्यांचा पाय वजन लावून बांधलाय. त्यांना उठून बसताही येत नाही!"

"ते मला नको सांगू. मी पानी आनायला आत गेले, तवर ती गेली."

त्यांचं मन मोडवेना म्हणून तपासणी करून घेतली. डॉक्टरांनी दोनदा केली. बॉम्बे ग्रुप! मावशींच्या रक्तावर आईंचं ऑपरेशन पार पडलं.

नंतर दोघींना विचारून मी त्यांचे नमुने आमच्या लॅबमध्ये लावले. जनुक तेच, त्यातला बिघाडही तोच. लांबचं नातं तरी निघेल म्हणून तेही तपासलं... काही नाही. आईंना विचारलं, तर त्या दिवसाचं त्यांना काहीच आठवत नव्हतं.

तीन महिन्यांनी आई काठी घेऊन चालायला लागल्या. म्हणाल्या, "कमळीकडं जाऊ या." आमच्यापैकी कुणीच, आईंनीही, मावशींचं घर कधी पाहिलेलं नव्हतं. दिवाळ्याला रिक्षातून उतरलो, मी पत्ता विचारायला दुकानाकडे वळले. मागे पाहते तर आई गल्लीत शिरलेल्या. दोन वळणं घेऊन एका निळ्या दारासमोर थांबल्या आणि हाक मारली, "कमळे!"

दार मावशींनीच उघडलं. दोघी हात धरून आत गेल्या, मी बाहेरच उभी.

 याचं उत्तर तुमच्यापैकी कुणाकडे असेल तर जरूर लिहा.